आजवरचा सगळ्यात वेगवान किलोमीटर

किस्से साठवायचे म्हणून कुणी साठवत नाही. एका खोलीत तीन माणसं काही वर्षं बसली, की ते आपोआप साठतात, कोपऱ्यातल्या जुन्या केबल्ससारखे. एक ओढायला जावं तर सगळा गुंता हातात येतो. मी आणि बसू अजूनही भेटलो, की दोघांपैकी एक जण ओढतोच. तिसरा आता नाही. आणि निम्म्याहून जास्त किस्से त्याचेच!

खोली कोल्हापूरच्या उद्यमनगरात होती, मोटार वाइंडिंगच्या दुकानाच्या वर. तिथं आम्ही फाउंड्रीवाल्यांना बिलिंगची सॉफ्टवेअर्स करून द्यायचो, त्यावर पोट चालायचं. मी पुण्याची नोकरी सोडून परत आलेला. बसू, म्हणजे बसवराज, गडहिंग्लजचा. सोल्डरिंग गन हातात असली की जगाशी देणंघेणं नाही. आणि महावीर, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचा एकुलता एक मुलगा.

महावीरचे काका चाळिशीच्या आत गेले. मागावर उभे होते, पडले, ते पडलेच. आजोबाही म्हणे असेच गेले होते. पंचविशीत महावीरनं ठरवलं, “मी तसा जाणार न्हाय.” आणि तो पळायला लागला. रोज सकाळी, पाऊस असो, ताप असो.

त्याच्या आतेभावानं अमेरिकेतून एक घड्याळ आणलं. मनगटावरच्या घड्याळात उपग्रहावरून जागा टिपली जायची आणि छातीला बांधायच्या पट्ट्यानं हृदयाचे ठोके. सोबत कंपनीचं सॉफ्टवेअर. त्यात कोल्हापूर नव्हतंच! पांढरा पडदा, त्यावर एक वाकडी रेघ.

“आपण आपलं लिहू,” महावीर म्हणाला. “सोर्स कोड इंटरनेटवर उघडा ठेवू. कुणीबी घ्या, कुणीबी सुधारा.”

झालं. पुढची काही वर्षं त्यात गेली.

•

पहिल्या दिवशी महावीर रंकाळ्याला एक फेरी मारून आला. मी घड्याळातली माहिती वाचणारा प्रोग्रॅम लिहिला होता, मागे जगाचा नकाशा लावला होता. कळ दाबली. रेघ उमटली, ती थेट नॉर्वेच्या वर, बर्फाच्या समुद्रात!

मी अक्षांश आणि रेखांश उलटे घेतले होते. बसू हसून हसून खुर्चीवरून खाली घसरला. महावीर मात्र गंभीरपणे म्हणाला, “तरीच म्हटलं, आज पाय गार का पडलेत.”

त्या दिवसापासून कुणाचंही काही चुकलं, की “बर्फात गेलं” असं म्हणायची आमच्यात पद्धत पडली. बिलिंगचा हिशेब चुकला, तो बर्फात गेला. बसूचं ठरत आलेलं लग्न मोडलं, तेही बर्फात गेलं.

•

महावीरच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणायचे. बोलणं मोजकं, पण मागांच्या आवाजात उभं आयुष्य गेल्यामुळं जे बोलायचे ते ओरडून. एकदा बाजाराला आले होते, ते खोलीवर डोकावले. हे नक्की काय चाललंय, असं विचारलं. महावीरनं ओपन सोर्स समजावून सांगितलं.

“म्हंजे कापड फुकट वाटायचं,” आप्पा म्हणाले, “वर ते विणायचं कसं, तेबी सांगायचं?”

“व्हय आप्पा.”

“आणि फाटलं तर?”

“तर आमीच शिवून द्यायचं.”

आप्पा जायला उठले. “ह्याच्यापरीस लगीन कर. तितंबी असंच असतंय.”

•

घड्याळ अचूक आहे का, हे बघायला बसू एकदा पंचगंगेच्या पुलावर गेला. पुलाची लांबी माहीत होती. तो हात आभाळाकडं धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत या टोकाला, असा चालत राहिला. काही वेळानं एक हवालदार आला आणि त्याला चौकीत घेऊन गेला.

“काय करत हुतास?”

बसू खरं बोलला. “सॅटेलाइटचा सिग्नल बघत हुतो.”

पुढचा तासभर त्याचं काय झालं ते तो सांगत नाही. शेवटी मी जाऊन समजावलं. आम्ही पळणाऱ्यांची हजेरी घेणारं सॉफ्टवेअर करतो म्हटल्यावर हवालदारांचा चेहरा बदलला. “मग मलाबी लावा की. साहेब म्हणत्यात मी राउंड मारत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ बांधून राउंड मारली. संध्याकाळी आम्ही रेघ काढून दाखवली. सबंध ड्यूटीत रेघ जेमतेम हलली होती आणि एका चहाच्या गाड्यापाशी तिचा नुसता काळा गोळा झाला होता. हवालदारांनी त्या गोळ्यावर बोट ठेवलं.

“ही थांबल्याली येळ काढून टाकता येती का रं?”

आम्ही हसलो, पण कल्पना चांगली होती. सिग्नलला, फाटकाला, पाणी प्यायला थांबलं, की सरासरी वेग बिघडतो अशी पळणाऱ्यांचीही तक्रार असतेच. महावीरनं आठवड्याभरात ती सोय केली. माणूस थांबला, की तेवढा वेळ सॉफ्टवेअर आपोआप कापायचं. जसा काही तो कधी थांबलाच नाही! जगभरच्या लोकांना ही सोय फार आवडली. एका चहाबाज हवालदाराची ती देणगी आहे, हे त्यातल्या एकालाही माहीत नाही.

•

आमचं सॉफ्टवेअर हळूहळू सात-आठ भाषांत गेलं. ज्याला जी येते त्यानं ती करून पाठवावी. मराठी बसूनं केली. मी म्हटलं, जरा शुद्ध ठेव. तो म्हणाला, “पळून दमल्याला माणूस शुद्ध वाचत न्हाय.”

त्यामुळं काही चूक झाली, की पडद्यावर यायचं, “काय तरी हुकलंय बघा.” फाइल पुसताना, “पुसू काय? परत मिळायची न्हाय की.” आणि एखाद्यानं स्वतःचा जुना विक्रम मोडला, तर भल्या मोठ्या हिरव्या अक्षरांत, “लय भारी, पावणं! आजवरचा सगळ्यात वेगवान किलोमीटर!”

क्लाउस नावाचा जर्मनीतला एक निवृत्त पोस्टमन होता. सायकलवेडा. आमच्या चुका शोधून काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्याकडून एकदा चुकून मराठी निवडली गेली आणि परत कसं जायचं ते त्याला समजेना. महिनाभर त्यानं तसंच वापरलं. मग ईमेल आली, “हिरव्या अक्षरातली ओळ मला आता ओळखू येते. ती आली की बरं वाटतं. बाकीची कृपया जर्मनमध्ये परत द्या.”

खुद्द बसूला ती हिरवी ओळ एकदाच मिळाली. पंचगंगेच्या कडेनं थोडा पळाला आणि घड्याळ बंद न करताच गडहिंग्लजच्या एसटीत बसला. सॉफ्टवेअरला माणूस आणि एसटी यातला फरक कळत नव्हता. त्यानं वेगाच्या यादीत बसूला महावीरच्या वर नेऊन बसवलं!

मी म्हटलं, “अमुक वेगाच्या वर गेलं तर मोजायचं नाही, अशी अट टाकू.”

“ऱ्हाऊ दे,” बसू म्हणाला. “एकदा तरी मी ह्याला हरवलोय.”

महावीरही हसून म्हणाला, ऱ्हाऊ दे. अट राहून गेली.

•

आता पॉलिस्टरचा किस्सा. हा सांगताना बसू उठून खिडकीपाशी जातो.

महावीर पळताना आप्पांच्या मागावरच्या कापडाचा शर्ट घालायचा. पॉलिस्टर, हलका, लगेच वाळणारा. त्याच्या ठोक्यांचा आलेख आम्ही रोज बघायचो. छान चढत जायचा, एका पातळीवर स्थिर व्हायचा, आणि मध्येच एकदम दोनशेच्या पार उडी मारायचा. मिनिटभर वरच. मग काही झालंच नाही अशा थाटात खाली.

“तुला काही वाटतं का त्या वेळी?” मी विचारलं.

“काय न्हाय. जरा धाप लागती. पळताना लागनार न्हाय तर काय झोपल्यावर?”

त्यानं इंटरनेटवर शोध घेतला. तर खरंच, सिंथेटिक कापड वाऱ्यानं अंगावर फडफडलं की स्थिर वीज तयार होते आणि छातीवरचा पट्टा फसतो. बऱ्याच लोकांचा अनुभव होता. महावीरला केवढा आनंद! जेवताना त्यानं घरी जाहीर केलं, “आप्पा, तुमच्या कापडानं माझं काळीज उड्या मारतंय.”

आप्पांना ते लागलं. “जगाच्या अंगावर हाय माझं कापड. कुनाच्या काळजाला धक्का लागल्याचं ऐकलं न्हाय मी.”

दोन दिवस बापलेकांत बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आप्पा बाजारात गेले. ज्या माणसानं दुसऱ्याच्या मागाचं कापड जन्मात विकत घेतलं नव्हतं, त्यानं मुलासाठी पांढरा सुती शर्ट आणला आणि न बोलता त्याच्या पलंगावर ठेवला.

सुती शर्टातही उड्या आल्याच. आम्ही तिघांनीही बघितल्या. पण महावीरनं घरी ते सांगितलं नाही. वाद जिंकलेला होता, तो कशाला सोडा! त्यानं आता दोष घराजवळच्या कबनूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या विजेच्या मोठ्या तारांवर टाकला. तारांना वाईट वाटणार नव्हतं.

•

प्रोग्रॅमर माणसाचं एक असतं. काहीही बिघडलं, की तो आधी बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, म्हणून नोंदवतो. महावीरनं स्वतःचं काळीज नोंदवलं. “ठोक्यांच्या आलेखात खोट्या उड्या,” असं शीर्षक देऊन, सोबत स्वतःच्या फाइल्स.

क्लाउसनं त्या बघितल्या आणि बग बंद केला. शेरा मारला, “हा सॉफ्टवेअरचा दोष नाही. कृपया डॉक्टरांना भेटा.”

महावीरनं बग परत उघडला. क्लाउसनं परत बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद. जगभरातले लोक हे बघत होते आणि हसत होते. आम्हीही हसत होतो. शेवटी क्लाउसनं लिहिलं, “माझ्या भावाचा आलेख असाच होता.” त्यानंतर मात्र महावीरनं बग परत उघडला नाही.

मी आणि बसूनं त्याला धरून डॉक्टरकडं नेलं. खाटेवर झोपवून ईसीजी काढला. एकदम स्वच्छ! महावीर तो कागद हवेत नाचवत बाहेर आला. “बघा. ओरिजनल मशीन म्हणतंय ठीक हाय. म्हंजे चूक आपल्याच डेटात.”

डॉक्टर त्याच्या मागोमाग दारापर्यंत आले होते. “अहो, हा आरामातला ईसीजी आहे. तुम्हाला त्रास पळताना होतोय. पळत्या पट्ट्यावरची टेस्ट करून घ्या, आणि तोवर पळू नका. घरात दोघं असेच गेलेत म्हणता ना?”

“करतो डॉक्टर. एवढं रिलीज झालं, की लगेच.”

रिलीज म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. डॉक्टरांना वाटलं, सिनेमाचं काहीतरी असेल. त्यांनी शुभेच्छा दिल्या.

मला आजही राग येतो. कुणाचा, ते नक्की सांगता येत नाही. काकांसारखं जायचं नाही म्हणून जो माणूस रोज पळत होता, त्याला पळणं थांबवा म्हटलेलं ऐकूच आलं नाही.

त्यानं उपाय केला, तो प्रोग्रॅमरचा. उड्या गाळून टाकणारी चाळणी लिहिली. ठोके अचानक फार वर गेले, तर ते खोटे समजायचे आणि आजूबाजूच्या आकड्यांवरून मधली जागा भरून काढायची. तपासायला स्वतःचेच आलेख घेतले. चाळणीतून बाहेर आलेला आलेख इतका सुंदर होता, की आम्ही टाळ्या वाजवल्या. बसूनं त्या बटणाला मराठी नाव दिलं, “उगाचच्या उड्या नकोत.” सगळ्यांसाठी ते आधीपासून चालूच ठेवलं होतं.

•

रिलीज झालं. कितीतरी देशांतून अभिनंदनाच्या ईमेल आल्या. महावीरनं पेढे आणले, वाइंडिंगवाल्यांनाही वाटले. “सोमवारी टेस्टची अपॉइंटमेंट घेतो,” असं म्हणाला आणि इचलकरंजीच्या गाडीत बसला.

रविवारी सकाळी कबनूरच्या रस्त्यावर तो पडला. रात्रपाळी सुटून घरी चाललेल्या दोघा-तिघा मागकामगारांनी बघितलं, एक जण आप्पांना सांगायला धावला. कुणाच्या तरी टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, एवढंच आम्हाला कळलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं झालं होतं.

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. जन्मभर ओरडून बोलणारा माणूस, पुढं महिनाभर बोललाच नाही, असं लोक सांगायचे.

क्लाउसला मी कळवलं. त्यानं फक्त तो जुना बग उघडला आणि तसाच उघडा ठेवला. अजून आहे.

•

आणि मग आप्पा आले.

दुपारची वेळ होती. जिना चढताना दोनदा थांबले, ते आम्हाला वरून ऐकू आलं. खुर्चीवर बसले. रुमालात गुंडाळलेलं घड्याळ टेबलावर ठेवलं. दवाखान्यात कुणीतरी बटण दाबून ते बंद केलं होतं, तेव्हापासून तसंच होतं.

“माग बंद केल्यात मी,” आप्पा म्हणाले. आवाज इतका लहान, की खालच्या मशीनमुळं आम्हाला पुढं वाकावं लागलं. “त्या दिशी सुती शर्ट वाळला न्हवता. मीच म्हटलो, एक दिस घाल की रं आपलं. घातला त्यानं. काय बोलला न्हाय.”

आप्पांनी घड्याळ आमच्याकडं सरकवलं.

“मला एवढंच सांगा. कापडानं केलं का हे?”

“न्हाय, आप्पा!” बसू जवळजवळ ओरडलाच. “कापडाचा काय संबंध न्हाय. सुती घातलं तरी तसंच व्हायाचं. आमी बघितलंय.”

आप्पांनी मान हलवली. “तुमी त्येचे दोस्त. तुमी न्हायच म्हननार. मला दावा.”

नाही कसं म्हणायचं? बसूनं केबल जोडली. चाळणी बंद करून खरा आलेख दाखवायचा, जुन्या सुती शर्टातल्या दिवसांचे आलेख शेजारी ठेवायचे आणि या माणसाच्या छातीवरचा धोंडा उतरवायचा, असं आम्ही नजरेनंच ठरवलं. फाइल उतरायला लागली. इचलकरंजीचे रस्ते आम्ही महावीरच्याच रोजच्या रेघांवरून काढले होते. त्यावर आता नवी रेघ उमटू लागली. घरापासून निघाली, चौकातून वळली, कबनूरच्या रस्त्याला लागली. कुठं थांबली नाही. थांबलेला वेळ सॉफ्टवेअरनं कापून टाकला होता. रेघ तशीच माघारी वळली आणि दवाखान्यापर्यंत सरळ गेली.

आणि आम्हाला काही सुचायच्या आत पडदाभर हिरवी अक्षरं आली.

बसूनं झडप घालून पडदा बंद करायला हात पुढं केला. आप्पांनी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं खिशातला चष्मा काढला, डोळ्यांवर लावला आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

“लय भारी, पावणं. आजवरचा सगळ्यात वेगवान किलोमीटर.”

मग त्या रेघेवरून, ती माघारी वळली तिथपासून दवाखान्यापर्यंत, त्यांनी बोट फिरवलं. बसूचं मनगट अजून त्यांच्या हातात होतं.

“टेम्पो मी चालवत हुतो,” ते म्हणाले. “ह्याच्यापरीस जोरात पळतच न्हाय रं त्यो.”